पैनगंगेचा धबधबा आणि घाटावरचे आम्ही

“साहेब, हा आमचा नायगारा,” चहाचा कप पुढे करीत टपरीवाल्याने सांगितले. समोर पैनगंगा सहस्रकुंडच्या काळ्या कातळावरून कोसळत होती. तिच्या गर्जनेत त्याचे शब्द अर्धेमुर्धेच ऐकू येत होते आणि तुषारांमुळे चष्म्याच्या काचा पुनःपुन्हा पुसाव्या लागत होत्या. गृहस्थाच्या स्वरातला अभिमान खरा होता. त्याला हटकण्याचे काहीच कारण नव्हते. तरीही ओठांवर हसू आलेच. अमेरिका-कॅनडाच्या सीमेवरील त्या एका प्रपाताने आपल्या देशात किती अवतार घेतले आहेत, याचा हिशेब कोणीतरी एकदा मांडावयास हवा. बस्तरमधील चित्रकोट हा भारताचा नायगारा. तमिळनाडू आणि कर्नाटक यांच्या सीमेवर कावेरीने निर्माण केलेला होगेनकल हाही भारताचाच नायगारा. केरळातील अतिरापल्ली हा दक्षिणेचा नायगारा. घरची मुलगी देखणी आहे हे सांगण्यासाठी शेजारच्या गावातल्या नटीचे नाव घ्यावे, तशातला हा प्रकार.

मी बुलढाण्याहून आलो आहे असे कळल्यावर मात्र त्याचा सूर पालटला. “म्हणजे तुम्ही वरचे. पाणी तुमच्याकडूनच येते म्हणा की,” तो म्हणाला. किंचित थांबून त्याने पुस्ती जोडली, “येते तेव्हा येते.” त्या तीन शब्दांत कडवटपणा नव्हता, वस्तुस्थितीची नोंद होती. परंतु परतीच्या साऱ्या वाटेवर मला नायगाऱ्याची उपमा आठवली नाही, ते तीन शब्दच आठवत राहिले.

आम्हा बुलढाणेकरांना ‘वरचे’ म्हणवून घेण्याची सवय आहे. आमच्या जिल्ह्याची खरी वाटणी तालुक्यांनी होत नाही, ती ‘घाटावरचे’ आणि ‘घाटाखालचे’ अशी होते. बुलढाणा शहर अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या माथ्यावर वसलेले आहे. मोताळ्याकडे उतरणाऱ्या राजूर घाटात पावसाळ्यात कड्यांवरून लहानमोठ्या धारा सुटतात. ते पाणी नळगंगेसारख्या नद्यांतून पूर्णेला, पूर्णेतून तापीला आणि सुरतेजवळ अरबी समुद्राला मिळते. त्याच शहरावर, त्याच ढगातून, पाठीच्या दुसऱ्या उतारावर पडलेला थेंब मात्र पैनगंगेत जातो. वर्धा, प्राणहिता आणि गोदावरी असे घरोबे करीत तो अखेर बंगालच्या उपसागरात पोहोचतो. एकाच घराच्या पन्हाळीतून दोन समुद्रांना पाणी देणारी गावे महाराष्ट्रात फार नाहीत. या थोरवीचा आम्ही कधी गाजावाजा केला नाही, कारण आमचे बहुतेक आयुष्य आपल्या स्वतःच्या घागरीत पाणी येते की नाही हे पाहण्यातच गेले.

पैनगंगेचा उगम बुलढाणा तालुक्यात मढ गावाजवळ, बुधनेश्वराच्या परिसरात आहे. उगमापाशी ती एखाद्या ओढ्याहून वेगळी दिसत नाही. काही मैल चालते न चालते तोच येळगावला तिला पहिला बांध लागतो. बुलढाणा शहर ज्या पाण्यावर जगते ते हेच. येळगावच्या धरणाचे दरवाजे पाण्याचा दाब वाढला की माणसाने हात न लावता आपोआप उघडतात. भरल्या पावसाळ्यात ते पाहावयास आम्ही मुलाबाळांसह जातो आणि सांडव्यावरून उतरणारे ते पाणी हाच आमचा शहरी धबधबा. तेथून पुढे मेहकर तालुक्यात पेनटाकळीचे धरण. त्यानंतर नदी वाशीम जिल्ह्यात शिरते आणि आमच्या डोळ्यांआड होते. सहस्रकुंडला तीच नदी कशी कोसळते, हे पाहिलेली माणसे बुलढाण्यात बोटांवर मोजण्याइतकी असतील. लेक सासरी दिली की तिच्या सुखदुःखाचा समाचार घेऊ नये, असा जणू आमचा रिवाज.

मी तो दोनदा मोडला. दुसऱ्यांदा गेलो तो गेल्या वर्षीच्या श्रावणात. चिखली, मेहकर, मालेगाव, वाशीम, पुसद करीत उमरखेड गाठावे आणि तेथून ढाणकीच्या बाजूने पैनगंगेच्या अरण्याकडे वळावे. अलीकडे यवतमाळ जिल्हा, पलीकडे नांदेड जिल्ह्यातील इस्लापूरचा परिसर. मुदखेडहून आदिलाबादकडे जाणाऱ्या लोहमार्गावर सहस्रकुंड नावाचे स्थानकही आहे. एके काळी या नदीच्या एका काठावर इंग्रजांच्या अमलाखालचा वऱ्हाड होता आणि दुसऱ्या काठावर निजामाचे राज्य. दोन्ही राज्ये गेली. काठ मात्र अद्याप दोनच आहेत. अलीकडचा माणूस धबधब्याला विदर्भाचा म्हणतो, पलीकडचा मराठवाड्याचा. काठावर पंचमुखी महादेवाचे मंदिर आहे; त्याने या वादात अजून तोंड उघडलेले नाही.

धबधबा कसा आहे? उंचीच्या हिशेबात तो कोणत्याही यादीत बसणार नाही, हे आधीच कबूल केलेले बरे. शरावतीचा जोग ८३० फूट एका झेपेत उतरतो. त्याच्या एका धारेच्या उंचीत सहस्रकुंडासारखे कितीतरी प्रपात एकावर एक रचता येतील. झांबेझीवरील व्हिक्टोरिया धबधबा सुमारे साडेतीनशे फूट उंच आणि रुंदीला एक मैलाहून अधिक. नायगाऱ्याची उंची पावणेदोनशे फुटांच्या आसपास. चित्रकोट शंभर फुटांच्या आतबाहेर. परंतु भर पावसाळ्यात इंद्रावती त्याच्या अर्धवर्तुळाकार कड्यावरून हजार फुटांच्या रुंदीने खाली येते. या मंडळींच्या पंगतीत सहस्रकुंडाला पाट मिळावा तो उंचीसाठी नव्हेच. येथे नदी एकसंध पडद्यासारखी पडत नाही. विस्तीर्ण, काळ्याकुळकुळीत, जणू ओतीव लोखंडाच्या कातळावर ती आधी पसरते. मग वाट सापडेल तेथून, खाचेतून, कंगोऱ्यावरून, शेकडो धारांनी स्वतःला झोकून देते. आणि खाली त्या साऱ्या धारा अरुंद घळीत एकमेकींवर आपटून पुन्हा एक होतात. गढूळ, मातकट, आमच्या घाटावरच्या शेतांची माती घेऊन आलेले ते पाणी. दुधासारखे शुभ्र वगैरे विशेषणे दूधसागरसाठी राखून ठेवावीत. सहस्रकुंडचे पाणी चहाच्या रंगाचे असते, आणि मला ते तसेच आवडले.

ज्या कुंडांवरून या जागेस नाव मिळाले त्यांची घडण समजून घेण्यासारखी आहे. कातळाच्या एखाद्या बारीक खाचेत दगडगोटे अडकतात. भोवऱ्यात सापडून ते गरगर फिरतात आणि जात्याने दळावे तसे खालचा खडक घासत राहतात. हजारो पावसाळे हे दळण चालले की खाचेचा रांजण होतो. पारनेर तालुक्यातील निघोजला कुकडीच्या पात्रात असे रांजणखळगे प्रसिद्धच आहेत. पाणी एकटे खडक कापीत नाही. पाण्याने हाती धरलेला दगड दगडाला कापतो, आणि त्यासाठी पाण्याला वेग व सातत्य लागते.

येथेच नायगाऱ्याची उपमा पहिल्यांदा कोलमडते. नायगाऱ्याचा कडा वर कठीण चुनखडकाचा आणि खाली मऊ थरांचा आहे. पाणी खालचा मऊ थर पोखरते, मग वरचा आधारहीन खडक तुटून पडतो आणि धबधबा एक पाऊल मागे सरतो. अशा रीतीने सुमारे बारा हजार वर्षांत तो अकरा-एक किलोमीटर मागे आला आहे. सहस्रकुंडचा खडक तसा नव्हे. तो दख्खनच्या लाव्ह्याचा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या अग्निप्रलयातून थिजलेला काळा बसाल्ट आहे. तेव्हा जातगोत शोधावयाचेच असेल तर ते आफ्रिकेत शोधावे लागेल. व्हिक्टोरिया धबधबाही बसाल्टचा. त्या खडकाला पडलेल्या भेगांतून झांबेझीने एकामागून एक नागमोडी घळी कापल्या. आज ज्या घळींतून ती वाहते त्यांतल्या प्रत्येकीच्या तोंडाशी कधीकाळी धबधबा होता. ब्राझील आणि अर्जेंटिना यांच्या सीमेवरील इग्वासू हाही लाव्ह्याच्याच खडकावरून, पावणेतीनशे धारांनी पडतो. तुटक तुटक, अनेक धारांत विखुरलेला प्रपात ही बसाल्टची खूण मानली तर आमचे सहस्रकुंड त्या दोघांचे धाकटे भावंड ठरते. आणि आपल्या घरी याच डोंगररांगेत, अजिंठ्याच्या लेण्यांच्या माथ्याशी वाघूर नदी सात टप्प्यांनी उडी घेते, ते सातकुंडही त्याच गोत्रातले.

सात म्हटले की एक आठवण आल्यावाचून राहत नाही. दक्षिण अमेरिकेतील पाराना नदीवर, ब्राझील आणि पराग्वे यांच्या दरम्यान, ‘सात प्रपात’ याच अर्थाच्या नावाचा एक धबधबा होता. पाण्याच्या राशीचा विचार करता तो पृथ्वीवरील सर्वांत मोठ्या धबधब्यांपैकी एक. इताइपूचे धरण झाले आणि १९८२ च्या ऑक्टोबरात अवघ्या दोन आठवड्यांत त्याच्या जलाशयाने हा धबधबा गिळला. त्या वर्षी त्याला अखेरचे पाहण्यासाठी इतके लोक लोटले की जानेवारीत तेथील एक पादचारी पूल कोसळून अनेकांनी प्राण गमावले. आज तेथे सपाट पाणी आहे. ब्राझील आणि पराग्वे यांना त्या धरणापासून अफाट वीज मिळते हे खरे, आणि त्या विजेखाली अभ्यास करणाऱ्या मुलाला धबधबा गेल्याचे दुःख वाटावे अशी अपेक्षा करणेही अन्यायाचे. परंतु धबधबा म्हणजे निसर्गाची चिरंतन देणगी, ती कोठे जाणार, असा जो आपला समज असतो तो त्या दोन आठवड्यांत कायमचा बुडाला.

जोगची कथा इतकी करुण नाही, पण बोधप्रद आहे. सर विश्वेश्वरय्यांनी तो प्रपात पाहून ‘केवढी ही नासाडी’ असे उद्गार काढल्याची आख्यायिका सांगतात. १९६४ मध्ये लिंगनमक्कीचे धरण उभे राहिले आणि शरावतीच्या पाण्यावर हजार मेगावॅटहून अधिक वीज तयार होऊ लागली. तेव्हापासून राजा, राणी, रोअरर आणि रॉकेट या चारी धारा जलाशयाच्या मर्जीवर आहेत. पावसाळ्यात त्या दिमाखात असतात. उन्हाळ्यात गेलेला प्रवासी ओल्या कातळावरचे डाग पाहून परततो. पुढे तेथे अशीही कल्पना निघाली की पडलेले पाणी पंपाने पुन्हा वर चढवावे आणि प्रवाशांसाठी धबधबा बारमाही करावा. नदीला तिच्याच अंगणात नाटकात काम द्यावयाचे आणि त्या नाटकाचे विजेचे बिलही भरावयाचे, हा विनोद शासकीय कागदावरच शोभतो. गोकाकला घटप्रभेवर, तर आपल्या नगर जिल्ह्यात रंधा येथे प्रवरेवर, कमीअधिक फरकाने हेच. ज्या उंचीवरून पाणी पडते तीच उंची वीज देते. सौंदर्य आणि सोय यांचे भांडण एकाच कड्यावर लागावे, ही धबधब्याची जन्मपत्रिकाच आहे.

आता नायगाऱ्याकडे येऊ, कारण उपमा द्यावयाचीच असेल तर ती पूर्ण द्यावी. टपरीवाल्यास ठाऊक नव्हते, आणि आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसते, की नायगाऱ्यावरून पडणारे पाणी हे निसर्गाच्या लहरीवर नव्हे, कागदावर लिहून ठेवलेल्या आकड्यावर पडते. १९५० साली अमेरिका आणि कॅनडा यांच्यात करार झाला. पर्यटनाच्या हंगामात दिवसा किमान एक लाख क्युसेक पाणी धबधब्यावरून गेलेच पाहिजे. रात्री आणि हिवाळ्यात किमान पन्नास हजार. उरलेले वीजघरांकडे वळवावे. नदीचा स्वाभाविक प्रवाह सरासरी दोन लाख क्युसेक आहे. म्हणजे जगातील हा सर्वांत नामांकित प्रपात दिवसा निम्मा आणि रात्री पाव वाहतो. १९६९ मध्ये तर अमेरिकेच्या लष्करी अभियंत्यांनी खडकांच्या तपासणीसाठी त्याच्या अमेरिकेकडील भागाचे पाणीच वर बांध घालून वळविले. जूनपासून नोव्हेंबरपर्यंत तो कडा कोरडा होता, आणि कोरडा धबधबा पाहण्यासाठीही लोकांनी गर्दी केली.

हे वाचून रसिकांचा हिरमोड होईल. माझा झाला नाही. दोन राष्ट्रे, प्रचंड कारखानदारी, विजेची अनिवार भूक, आणि तरीही कोणीतरी बसून ठरविले की इतके पाणी नदीचे. याला हात लावावयाचा नाही. आकडा अपुरा असेल, त्यामागे निसर्गप्रेमापेक्षा हॉटेलवाल्यांचा हिशेब अधिक असेल. पण आकडा आहे. तो मोडला तर बोट दाखविता येते. आमच्या सहस्रकुंडला जर नायगारा म्हणावयाचे, तर त्याचा आकडा कोणता?

पहिल्यांदा मी सहस्रकुंडला गेलो होतो तो वैशाखात. कामानिमित्त उमरखेडपर्यंत जाणे झाले होते. इतके आलो आहोत तर लेकीचे सासर पाहून जावे, असे मनात आले. उन्हाने तापलेला तो कातळ पाय ठेवू देत नव्हता. धारांच्या जागी कातळावर पांढुरके ओघळ उरले होते. कुंडांपैकी खोलात खोल होती त्यांत हिरवट पाणी साचले होते, त्यावर माश्या घोंगावत होत्या. धबधब्याचा आवाज नसल्यामुळे दूरवरच्या बैलाच्या गळ्यातली घंटा ऐकू येत होती. नदीच्या वाळूत दोन बायकांनी झिरा उकरला होता. त्यात पाणी जमेपर्यंत त्या बसून राहत, मग वाटीने ते कळशीत भरत, पुन्हा वाट पाहत. मी विचारले, नदीला पाणी केव्हा येईल? त्यांतली वडीलधारी म्हणाली, “धरणवाले सोडतील तवा.” पावसाचे नाव तिने घेतले नाही.

हे धरण म्हणजे इसापूर. ऊर्ध्व पैनगंगा प्रकल्पाचा हा जलाशय पुसद आणि कळमनुरी तालुक्यांच्या सीमेवर आहे. त्याचा उपयुक्त साठा सुमारे ९६४ दशलक्ष घनमीटर. नांदेड, हिंगोली आणि यवतमाळ या तीन जिल्ह्यांतील शेतीला त्याचे कालवे पाणी देतात. हळद, ऊस, केळी यांची जी हिरवळ त्या भागात दिसते तिच्यामागे पैनगंगेचे हे अडविलेले पाणी आहे, आणि त्याचे मोल कमी लेखणारा मी कोण? पावसाळ्यात जलाशय भरला की दरवाजे उघडतात, खाली कयाधू येऊन मिळते आणि सहस्रकुंड गर्जू लागतो. दिवाळीनंतर मात्र पाणी कालव्यांनी जाते. कालवा शेताकडे जातो. नदी गावाकडे जाते. उन्हाळ्यात उमरखेड, हिमायतनगर, किनवट या बाजूच्या नदीकाठच्या गावांतून इसापूरचे पाणी पात्रात सोडा अशी मागणी वारंवार उठते. निवेदने दिली जातात, आंदोलने होतात, मग एखादे आवर्तन सुटते. ते सुटले म्हणजे कृपा, न सुटले म्हणजे नशीब. कालव्याच्या पाण्याला पाळीपत्रक असते. नदीच्या पाण्याला ते नाही.

मला जे सुचवावयाचे आहे ते इतकेच की नदीचेही पाळीपत्रक असावे. धबधब्याच्या शोभेसाठी नव्हे. उन्हाळ्यात सहस्रकुंड कोसळावा असे मी म्हणत नाही. त्याचा तो ऋतू नव्हे. पण कातळावरून निदान एक जिवंत धार उतरत असावी, म्हणजे खालच्या डोहांत पाणी टिकेल, काठच्या विहिरी धरून राहतील, पैनगंगा अभयारण्यातील श्वापदांना पाण्यासाठी गावात शिरावे लागणार नाही, आणि त्या दोन बायकांना वाटीने कळशी भरावी लागणार नाही. पन्नास क्युसेक पाणी फेब्रुवारीपासून मेअखेरपर्यंत सतत सोडले असे धरू. नायगाऱ्याच्या रात्रीच्या किमान पाण्याचा हा हजारावा हिस्सा. चार महिन्यांत त्याचे सुमारे पंधरा दशलक्ष घनमीटर होतात, म्हणजे इसापूरच्या उपयुक्त साठ्याच्या दीड टक्क्याच्या आसपास. कागदावरचे गणित सोपे असते, याची मला जाणीव आहे. पहिले काही दिवस तर वाळूच ते पाणी पिऊन टाकील. काठावरच्या मोटारी रात्री सुरू होतील. धबधब्यापर्यंत पोहोचेल ते किती, हे अभियंत्यांनी मोजून सांगावे लागेल. दीडाचे तीन टक्के होतील. तरीही तो आकडा ठरविता येण्याजोगा आहे, आणि अद्याप कोणी ठरविलेला नाही.

यावर पहिला आक्षेप माझ्याच गावातून येणार, हे मी जाणतो. बुलढाण्याने उन्हाळ्यात टँकर पाहिलेले आहेत. येळगावचा तळ दिसू लागला की शहरातल्या प्रत्येक घराची झोप उडते. अशा वेळी खालच्या धबधब्यासाठी आणि जंगलातल्या जनावरांसाठी पाणी सोडण्याची भाषा करणाऱ्यास आमचे लोक काय म्हणतील, ते येथे छापण्यासारखे नाही. आणि त्यांचे अगदीच चुकते असेही नाही. पाऊस तुटीचा, जमीन उताराची, खालचा खडक पाणी न धरणारा बसाल्ट. वरच्या माणसाकडे पाणी अधिक असते हा खालच्यांचा गैरसमज आहे. वरच्याकडे पाणी आधी येते, इतकेच. पण ‘आधी येते’ यातच सारे आले. आम्ही येळगावला अडवितो, पेनटाकळीला अडवितो, वाशीम अडविते, इसापूर अडविते. प्रत्येक जण आपापल्या जागी प्रामाणिक असतो आणि सहस्रकुंडला कातळ कोरडा असतो.

वरच्याने खालच्याचे देणे लागावे, ही कल्पना महाराष्ट्राला परकी राहिलेली नाही. २००५ मध्ये जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा झाला. तुटीच्या वर्षी जायकवाडीसाठी नाशिक-नगरच्या धरणांतून पाणी सोडावे लागते ते त्या कायद्यातील समन्यायी वाटपाच्या तत्त्वावरूनच, आणि त्यावरून दर वेळी रणे माजतात ती काही गुप्त नाहीत. मात्र ते एका धरणाने दुसऱ्या धरणाला दिलेले पाणी आहे. नदी तेथे निव्वळ वाट म्हणून वापरली जाते. नदीला नदी म्हणून काही द्यावे, हा विचार गंगेच्या बाबतीत झाला. २०१८ च्या ऑक्टोबरात केंद्र सरकारने तिच्या वरच्या प्रवाहासाठी ऋतूवार किमान पाण्याची अधिसूचना काढली. गंगेला जे मिळाले ते पैनगंगेने मागू नये, असे तिच्या नावातले उत्तरार्धाचे अक्षर तरी सांगत नाही.

दरम्यान आमच्या जिल्ह्यास आणखी एक आशा दाखविण्यात आली आहे. वैनगंगेचे पाणी गोसीखुर्दहून सुमारे ४२६ किलोमीटरच्या कालव्याने थेट आमच्या नळगंगेपर्यंत आणण्याच्या योजनेस राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये मान्यता दिली. नकाशावर बोट फिरविले की गंमत दिसते. आमच्या घाटावरून निघालेली पैनगंगा वर्धेला आणि वर्धा वैनगंगेला मिळते. त्या वैनगंगेचे पाणी विदर्भाची सारी रुंदी ओलांडून पुन्हा आमच्या घाटाखाली यावयाचे. ते आले तर मी त्याचे स्वागतच करीन. भंडारा-गडचिरोलीच्या बाजूचे लोक त्या दिवशी आम्हाला ‘खालचे’ समजतील की ‘वरचे’, हे मात्र पाहावे लागेल. आपल्या वाट्याला चारशे किलोमीटरवरून पाणी यावे अशी इच्छा धरणाऱ्याने आपल्या नदीच्या खालच्या गावांना दोन टक्के नाकारावेत, हे त्या वेळी बोलून दाखविणे थोडे अवघड जाईल.

श्रावणातल्या त्या प्रवासात परतताना वाशीमहून मेहकरला थेट न येता लोणारवरून वळसा घेतला. उल्कापाताने झालेल्या त्या विवराच्या काठावर गोमुखातून एक धार पडते. जाडी मनगटाएवढी, उंची सांगण्याजोगी नाही, पण बाराही महिने वाहते. काठच्या खडकांच्या थरांतून झिरपून ती येते आणि खाली सरोवराकडे जाते. सहस्रकुंडची गर्जना अजून कानांत असल्यामुळे तिचा आवाज प्रथम ऐकूच आला नाही. बाजूला उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्या भाविकाला विचारले, ही कधी आटते का? प्रश्न त्याला विचित्र वाटला असावा. “धार कशी आटंल?” एवढेच म्हणून तो पायऱ्या उतरू लागला.

बुलढाण्यास पोहोचलो तेव्हा रात्र झाली होती. येळगाव भरून वाहत असल्याचे घरी कळले. दुसऱ्या दिवशी नळाची पाळी होती. पाळीच्या आदल्या रात्री पिंपातले शिल्लक पाणी ओतून देऊन पिंप घासून ठेवावे, असा आमच्या घरचा जुना शिरस्ता. ते पाणी मी त्या रात्री परसातल्या लिंबाला घातले. लिंबाच्या आळ्याचा उतार पैनगंगेच्या बाजूला आहे.